बसऱ्याला न गेलेला सेंटर फॉरवर्ड

बसऱ्याला जायचं म्हणून मी सगळ्यात आधी काय केलं असेल, तर माझ्या आठ कोंबड्या थोरल्या जाऊबाईंना देऊन टाकल्या. जायचं अजून नक्की व्हायचं होतं. बोटीचं तिकीट नव्हतं, सासूबाईंचा होकार नव्हता, आणि बसरा कुठल्या दिशेला आहे असं मला कुणी विचारलं असतं तर मी महाबळेश्वराकडे बोट दाखवलं असतं. लांबचं म्हणून तेवढंच एक ठिकाण मला ठाऊक होतं. पण कोंबड्या दिल्या. जिला बोटीतून जायचंय तिने खुराडं कशाला सांभाळायचं?

हे सगळं आठवायचं कारण माझी नात. परवा ती पेपर वाचता वाचता हळहळत होती. कुणी मोठा फुटबॉलवाला, आता वय झालेलं, तो म्हणे आपला जुना संघ सोडून अरबांच्या मुलखात खेळायला जाणार की नाही याचा विचार करतोय. पैसा धो धो. तिला वाटत होतं त्याने जाऊ नये. मी म्हटलं, तुझ्या आजोबांनाही असंच बोलावणं आलं होतं. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग भिंतीवरच्या फोटोकडे. फोटोत आजोबा फेटा बांधून उसाच्या फडात उभे आहेत. तिचा विश्वास बसेना, आणि तिचं काही चुकलं नाही. माझाही पुष्कळ दिवस नुसता विश्वासच होता, अक्कल नव्हती.

आमचं गाव साताऱ्यापासून दोन कोसांवर, कृष्णेच्या काठी. घरटी एक माणूस फौजेत. हे भरती झाले ते तालमीतले पैलवान म्हणून, पण कुणा साहेबाने यांच्या पोटऱ्या पाहिल्या आणि यांना फुटबॉलच्या संघात घातलं. तेव्हा निम्मे गडी बूट घालून खेळायचे आणि निम्मे अनवाणी, पावलांना पट्ट्या गुंडाळून. हे अनवाणी. सेंटर फॉरवर्ड. तो शब्द मी माहेरी गेले की मुद्दाम मोठ्याने म्हणायची. आईला तो सुभेदारापेक्षा मोठा हुद्दा वाटायचा, आणि मी तिचा समज तसाच राहू दिला होता.

लग्नात मी पंधरा वर्षांची. हे कागदावर सव्वीस. सासूबाईंच्या हिशेबाने मात्र हे मोठ्या पुराच्या साली जन्मलेले, म्हणजे एकोणतीस. तीन वर्षं फौजेच्या कारकुनाने खाल्ली होती. लग्नानंतर दोन महिन्यांत हे लढाईवर गेले ते चार वर्षांनी आले. त्यातला बराच काळ इराकात, बसऱ्याकडे. तिथे गोळी कमी आणि फुटबॉल जास्त, असं हे सांगायचे. नदीपलीकडे एक तेल कंपनी होती, तिच्या गोऱ्या संघाशी आमच्या पलटणीचे सामने व्हायचे, आणि यांनी त्यांना एका सामन्यात तीन गोल घातले होते. ते तीन गोल मी इतक्यांदा ऐकले होते की झोपेतसुद्धा कुठून कसा चेंडू गेला ते सांगितलं असतं.

लढाई संपली, पलटण मोडली, हे घरी आले. ऊस लावला. आणि पहिलं गुऱ्हाळ पेटलं त्याच हंगामात ते पत्र आलं. इंग्रजीत टाइप केलेलं, जाड कागदावर. यांनी ओट्यावर बसून आम्हाला मराठीत वाचून दाखवलं. त्या कंपनीतल्या साहेबाला तीन गोल विसरता आले नव्हते. दिवसा गोदामावर देखरेख करायची, संध्याकाळी कंपनीच्या संघातून खेळायचं. करार तीन वर्षांचा. पगार फौजेच्या चौपट, राहायला पक्कं घर, छताला विजेचा पंखा.

पंखा म्हटल्यावर मी पुढचं काही ऐकलं नाही.

त्या दिवसापासून मी जे काही केलं ते आठवलं की अजून पदर तोंडाला लावावासा वाटतो. मी साताऱ्याहून चपला मागवल्या आणि परसात चालायचा सराव सुरू केला. शेणाच्या गोवऱ्या थापायला चपला घालून जाणारी आमच्या गावातली पहिली बाई मी. कानाच्या कपातून चहा प्यायची सवय हवी म्हणून एक कप आणला आणि तो दोन बोटांत धरायला गेले, तर सगळा चहा लुगड्यावर. पाणवठ्यावर मी बायकांना बसऱ्याच्या गोष्टी सांगू लागले. तिथे चूल पेटवावी लागत नाही, बटण दाबलं की जाळ होतो. खजूर दारात पडलेले असतात, पायाखाली येतात. यातलं एकही मी पाहिलं नव्हतं, निम्मं मीच रचलेलं. एक म्हातारी म्हणाली, मग तिथली लोकं हिकडं कशाला येत्यात? मी म्हटलं, हवापालटाला.

हे ऐकत असायचे. बोलत नसायचे. मला वाटायचं, मोठी माणसं अशीच असतात.

त्यात एके दिवशी सांगलीहून यांचा दोस्त आला. पलटणीच्या संघाचा गोलकीपर. त्यालाही तसंच पत्र आलं होतं. हा माणूस ओट्यावर बसला की ओटा लहान वाटायचा. आल्या आल्या त्याने यांच्या पाठीत थाप मारली आणि म्हणाला, "गड्या, आपलं नशीब उघाडलं बघ. आता म्हातारपणी सायेब आपल्याला पोसणार." दोघं दुपारभर बोलत बसले. मी आतून कान लावलेला. गोलकीपर जायचंच म्हणत होता. त्याची जमीन जतकडची, नुसती कोरडवाहू. दोन वर्षं ज्वारी हाती लागली नव्हती. गोलात उभं राहायला पळावं लागत नाही, असंही तो म्हणाला. त्यावर यांनी काहीतरी हळू आवाजात सांगितलं आणि तो एकदम गप्प झाला. मला ते ऐकू आलं नाही, कारण नेमकी तेव्हाच मी कपबशी घेऊन दारात आले होते. साधा पेला नव्हे, कपबशी.

जाताना तो दाराशी थबकला. "वयनी," म्हणाला, "जायाच्या आदी त्याच्या गुडघ्याला एकदा इचारा."

मी हसले. मला वाटलं, थट्टा.

गुडघा मला ठाऊक नव्हता असं नाही. रोज दिवेलागणीला मी निरगुडीचा पाला तव्यावर गरम करून यांचा उजवा गुडघा शेकायची. तो नारळाएवढा व्हायचा. मला ते खेळाडूचं लक्षण वाटायचं. जसं पैलवानाचा कान मोडलेला, तसा सेंटर फॉरवर्डचा गुडघा सुजलेला. त्याच महिन्यात साताऱ्याच्या मैदानावर जुन्या पलटणीचा एक सामना झाला. आम्ही बायका लांब बैलगाडीत बसून पाहत होतो. बाकीचे एकवीस जण जीव तोडून पळत होते आणि हे एका जागी उभे. चेंडू यांच्या पायाशी आला की हे नुसता पाय लावायचे आणि गोल. मी जाऊबाईंना अभिमानाने सांगितलं, "ह्यास्नी पळावं लागत न्हाई. पळत्यात ते शिकाऊ."

जाऊबाई माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. त्या वयाने माझ्या दुप्पट आणि अकलेने दहापट. पण कोंबड्या घेतलेल्या असल्यामुळे काही बोलल्या नाहीत.

राहिला सासूबाईंचा होकार. त्यांचा भाऊ पहिल्या महायुद्धात बसऱ्यालाच गेला होता आणि तिथेच राहिला. गावच्या चावडीसमोरच्या दगडावर लढाईत पडलेल्यांची जी नावं कोरलेली आहेत त्यात त्याचं एक. सणाच्या दिवशी सासूबाई त्या दगडाला हळदकुंकू लावायच्या. त्यामुळे बसऱ्याचं नाव निघालं की त्या उठून आत जायच्या. शेवटी म्हणाल्या, मी नको म्हणणार नाही आणि हो पण म्हणणार नाही. भैरोबाला कौल लावा. तो देईल ते खरं.

आमच्याकडची रीत अशी. रविवारी सकाळी गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर पाणी लावून तगरीची एकेक कळी चिकटवतो. मग सगळ्यांदेखत गाऱ्हाणं घालायचं आणि वाट पाहायची. उजवी कळी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. त्यावर पुन्हा बोलायचं नाही. लग्नं, विहिरी, जमिनीचे वाद, सगळं या दोन कळ्यांवर ठरायचं.

मी विचार केला, एवढी मोठी गोष्ट देवावर सोडून कसं चालेल?

त्या आठवड्यात देवाला पाणी घालायची पाळी आमच्या घराची होती. रविवारी झुंजुमुंजू होताच मी उठले. गुऱ्हाळाची ताजी काकवी माठात भरून ठेवली होती. त्या वेळी माठाच्या तोंडाचं फडकं सुटलेलं दिसलं. मी मांजराला शिवी दिली आणि वाटीत थोडी काकवी घेतली. बेत सरळ होता. डाव्या खांद्याला काकवी लावायची, म्हणजे डावी कळी घट्ट बसेल आणि उजवी आधी पडेल. देवाचा डावा म्हणजे आपल्या समोरून उजवा, हे वाटेवर मी इतक्यांदा घोकलं की गुरवाच्या म्हशीला धडकले.

गाभाऱ्यात अंधार, देव शेंदराने माखलेला. मी बोटाने डाव्या खांद्यावर काकवी सारवली. तोल सावरायला दुसरा हात उजव्या खांद्यावर टेकला तर तिथेही काही चिकट लागलं. म्हटलं, शेंदरातलं तेल असेल. हात लुगड्याला पुसला, देवाला नमस्कार केला, आणि वर त्यालाच सांगितलं की माझ्यावर लक्ष असू दे.

ऊन वर आलं तसा गाव जमला. बसऱ्याहून परत आलेले जुने पेन्शनर पुढे बसले, छातीवर बिल्ले लावून. गुरव म्हातारा, डोळ्यांनी अधू. त्याने चाचपडत दोन कळ्या लावल्या. यांनी गाऱ्हाणं घातलं. आवाज अगदी बारीक होता. सासूबाई खांबाला टेकून बसल्या, नजर देवावर. मी त्यांच्या मागे, नव्या चपला बाहेर काढून, मनात पंख्याचं वारं घेत.

कळ्या पडेनात.

एरवी देवळातल्या दिव्याची वात एकदा पुढे सारण्याइतका वेळ जायचा नाही तोवर निकाल लागायचा. इथे दिव्यात दोनदा तेल घालून झालं. पोरंबाळं कंटाळून घरी गेली. एक पेन्शनर पेंगला, दुसऱ्याने त्याला ढोसलं. तो जागा होऊन म्हणाला, "देव बी इचारात पडला म्हनायचा." गुरवाला घाम फुटला. त्याच्या बापाच्या काळापासून भैरोबा असा कधी अडला नव्हता. मी हात जोडून बसले होते, पण तळवे इतके ओले झाले होते की एकमेकांवरून घसरत होते. उजवी का पडत नाही? डावी नाही पडणार, ती मी बांधली आहे. पण उजवी?

तेवढ्यात सासूबाई उठल्या. गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी गेल्या आणि वाकून पाहू लागल्या. मग मलाही दिसलं. उंबऱ्याच्या फटीतून मुंग्यांची एक रांग निघाली होती. ती देवाच्या पायापाशी जाऊन दुभंगली होती. एक फाटा डाव्या अंगाने वर चढत होता आणि दुसरा उजव्या.

सासूबाईंनी डाव्या खांद्याला बोट लावलं, जिभेवर ठेवलं. मग उजव्या खांद्याला लावलं, तेही ठेवलं. आणि वळून आम्हा दोघांकडे पाहिलं.

"काकवी हाय," त्या म्हणाल्या. "आन् आपल्याच गुऱ्हाळाची."

माझी मान खाली गेली. पण मी दोन्ही खांद्यांना लावली नव्हती, हे मला त्याही वेळी कळत होतं. मी मान वर केली तर हे उभे राहिले होते. उजव्या पायावर भार न देता.

"उजवीकडची म्या लावली, आये," हे म्हणाले. "डावीकडचं मला म्हाईत न्हाई."

सासूबाईंनी डावीकडचं कुणाचं ते विचारलं नाही. माझ्या लुगड्याला पुसलेल्या हाताचा डाग होता, त्यावर माश्या बसल्या होत्या. तेवढं पुरे होतं.

"उजवी का बांदलीस?" त्यांनी विचारलं. "जायचं न्हाई तर तोंडानं म्हनायचं."

पुढच्या रांगेत ते सगळे पेन्शनर, ज्यांनी यांचे तीन गोल मी ऐकले त्याहून जास्त वेळा ऐकले होते. यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि मग देवाकडे.

"गुडघा संपलाय माझा," हे म्हणाले. "साताऱ्याच्या मैदानावर दिसत न्हाई, समदी आपली मान्सं, चेंडू पायावर आनून देत्यात. तितं पयल्या म्हयन्यात सायबाला कळंल. माघारी धाडल्याला गडी म्हनून मला न्हाई यायचं गावात."

हे बोलायला यांना काय लागलं असेल ते आज कळतं. त्या वेळी मला पहिल्यांदा काय सुचलं, सांगू? आठ कोंबड्या. आता त्या कोणत्या तोंडाने परत मागायच्या? आणि दुसरी गोष्ट लगेच तिच्या मागून आली, तिने मात्र मी स्वतःच चकित झाले. बाजारच्या दिवशी हौसेने तंग चोळी घालावी, दिवसभर मिरवावं, आणि घरी आल्यावर गाठ सुटली की छाती कशी भरून श्वास घेते, तसं मला झालं. बोट नाही. बटण दाबून पेटणारा जाळ नाही. दोन बोटांत धरायचा कप नाही. मला त्या सगळ्याची किती भीती वाटत होती ते मी चपलांच्या आवाजात इतके दिवस स्वतःला ऐकूच येऊ दिलं नव्हतं.

"मग जाऊ नका," मी म्हणाले. भर देवळात, सासूबाई आणि सगळे पेन्शनर बसलेले असताना, नवऱ्याशी थेट. आमच्याकडे तेव्हा असं बोलत नसत. पण काकवीनंतर लाज ठेवून काय करायचं होतं?

सासूबाई खाली बसल्या. त्यांनी पदराने डोळे पुसले नाहीत, काही नाही. फक्त गुरवाला विचारलं की देवाचा दंड काय. गुरवाने पुरणाचा नैवेद्य सांगितला. त्या म्हणाल्या, तो तर झालाच, पण आधी ज्यांनी माखला त्यांनी देव धुवायचा. दोघांनी मिळून.

गाव हसत हसत पांगला. आम्ही दोघं गाभाऱ्यात उरलो. मी ऊन पाणी ओतत होते, हे नारळाच्या शेंडीने खांदे घासत होते. मुंग्या निघता निघेनात. डावा खांदा घासता घासता हे हळूच म्हणाले, "मला घालवायची यवढी घाई हुती व्हय तुला?"

"मी बी येनार हुते की," मी म्हणाले.

यांचा हात थांबला. "तुला न्हाई बोलावलं सायबानं. पयली तीन वर्सं बायकू आनायची न्हाई, कागदात लिव्हलंय. म्या ते वाचलं न्हाई मोट्यानं."

मी तांब्या खाली ठेवला. पंखा, पक्कं घर, खजूर सगळं तिकडे, आणि तिन्ही वर्षं मी इथेच असणार होते, खुराड्याशिवाय. चार वर्षं लढाईची आणि वर ही तीन. मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलंत?

"तू चपला घालून परसात हिंडत हुतीस," हे म्हणाले. "कसं सांगू?"

मला रडू यायला हवं होतं. मला हसू आलं, आणि ते इतकं आलं की तांब्या कलंडला आणि यांचं धोतर भिजलं. मग हेही हसले. भैरोबासमोर दोघं काकवीच्या पाण्यात बसून हसत होतो. देवाने ते मनावर घेतलं नसावं, कारण त्या साली ऊस चांगला आला.

सांगलीचा गोलकीपर मात्र गेला. त्याची पत्रं यायची, हे मोठ्याने वाचायचे, आणि आता एकही ओळ गाळायचे नाहीत. पंखा होता, पण त्यातून येणारं वारं तव्यावरचं. पहिला हंगाम तो खेळला. दुसऱ्या हंगामात एक तरणा गोलकीपर आला आणि याला पूर्ण वेळ गोदामावर बसवलं. चेंडू बघायला मिळतो तो सायबाच्या पोराचा, असं त्याने लिहिलं होतं. करार संपल्यावर तो परत आला तो मनगटावर घड्याळ, एक दात सोन्याचा आणि जतला विहीर खणण्याइतके पैसे घेऊन. विहिरीला पाणी लागलं. त्याने जाणं चूक केलं असं मी कधी म्हणणार नाही. त्याला गुडघे होते आणि विहीर नव्हती. आमचं उलटं होतं, एवढंच.

हे पुढे गावच्या शाळेत पोरांना खेळ शिकवू लागले. शिट्टी गळ्यात, पाय लांब करून बांधावर बसून. तीन गोल त्यांनाही पाठ झाले. फक्त आता हे सांगताना शेवटी जोडायचे, की पळायला जमत होतं तेव्हाची गोष्ट आहे ही.

राहिल्या कोंबड्या. देव धुऊन घरी आलो त्याच दुपारी मी जाऊबाईंच्या दारात उभी राहिले, अनवाणी. जाऊबाई खुराड्याशीच बसल्या होत्या, मी येणार हे धरूनच. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "बसऱ्याहून कवा आलीस?"

मी म्हटलं, आत्ताच.

त्यांनी एकेक करून सात कोंबड्या टोपलीत घातल्या. आठवी, रोज अंडं देणारी तांबडी, त्यांनी मांडीवर घेतली आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत बसल्या. मी तिच्याकडे पाहिलं, मग जाऊबाईंकडे पाहिलं. टोपली उचलली आणि घरी आले.